बेकरीच्या गच्चीवरून पाच नंबर

आमच्या इमारतीत प्रत्येकाला दोन नावं आहेत. एक आईबापांनी ठेवलेलं, दुसरं मी. पहिलं दारावरच्या पाटीवर असतं, दुसरं जिन्यात ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर पोस्टमनलासुद्धा दुसरंच आधी कळतं. तळमजल्यावरच्या फोटोवाल्यांचं नाव मी ‘क्लोजअप’ ठेवलं. ठेवलं तेव्हा स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होते. आता ते नाव ओठावर आलं की जीभ चावते. पण सुटलेलं नाव परत येत नाही. अख्खी गल्ली त्यांना तेच म्हणते.

या फोटोवाल्या भाऊजींचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, आरसा आणि आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा. सुतळी अशासाठी, की लोक फोटो न्यायला विसरतात पण कंगवा न्यायला विसरत नाहीत. आतल्या खोलीत पांढरा पडदा, एक फिरतं स्टूल, दोन दिवे. पंचवीस वर्षं सगळी गल्ली त्या स्टुलावर बसत आली. शाळेत जाणारी, नोकरीला लागणारी, परदेशी निघालेली, पेन्शनीत आलेली. भाऊजींचं वाक्य ठरलेलं. “हनुवटी जरा खाली. नजर इथे. श्वास सोडा.” श्वास सुटला की क्लिक.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाच वेळा फोटो काढावा लागला.

“वहिनी,” ते वैतागून म्हणाले, “तुमचा चेहरा पासपोर्टचा नाही.”

“मग कसला आहे? पोलीस ठाण्यातल्या फळ्यावरचा?”

“बोलण्याचा. तोंड मिटलं तरी गप्प बसत नाही.”

दिव्याशेजारून खुदकन हसू आलं. ती त्यांची बायको. थर्माकोलच्या पाटाला चंदेरी कागद चिकटवून केलेला रिफ्लेक्टर दोन्ही हातांत धरून ती उभी असायची. दिव्याचा उजेड त्या कागदावर पडायचा आणि तिथून गिऱ्हाइकाच्या गालावर, म्हणजे नाकाची सावली पडत नाही. लग्नाचं शूटिंग असलं तरी तीच बरोबर, तोच पाट घेऊन. माझी आणि तिची मैत्री होती ती अशी की मी बोलायची आणि ती ऐकायची. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.

सहा वर्षांपूर्वी ती गेली. साध्या तापाचं निमित्त, नऊ दिवसांचं दुखणं. लेक तेव्हा अकरा वर्षांची. भाऊजींनी पाट खिळ्याला टांगला तो टांगलाच, आणि त्याच्या वर तिचा फोटो लावला. फोटो कसला, धुकं. डोळे कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतात ते कळायचं नाही. मी, अर्थातच, गप्प बसले नाही. महिनाभरातच म्हणाले, “काय हो भाऊजी, सगळ्या गल्लीचे फोटो लख्ख आणि घरधनिणीचा असा? शिंप्याच्याच सदऱ्याला बटण नसावं तसं झालं हे.” ते थोडंसं हसले आणि लेन्स पुसायला लागले. स्वच्छच होती ती. मी पाहिलं होतं. तरी मला काही उमगलं नाही.

लेक फुटबॉल खेळायला लागली ती त्याच वर्षी. शाळेच्या संघात पाच नंबरचा शर्ट, आणि जागा बचावफळीच्या मधोमध. म्हणजे आपल्या गोलकीपरच्या पुढे उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्यांना येऊ द्यायचं नाही. पोरगी उंच, अबोल, आईवर गेलेली. भाऊजी एकही सामना चुकवायचे नाहीत. दुकानाला ‘दोन तासात येतो’ अशी पाटी आणि हे मैदानाच्या कडेला, खांद्यावर लग्नाचा मोठा कॅमेरा. बाकीचे बाप ओरडायचे, उड्या मारायचे, रेफ्रीच्या सात पिढ्यांची आठवण काढायचे. आमचे भाऊजी एक डोळा मिटून गप्प. मी एकदा त्यांच्या कॅमेऱ्यात डोकावले तर आत मैदान नाही, चेंडू नाही, नुसता पोरीचा चेहरा. घामानं चिकटलेले केस, दातांत धरलेला खालचा ओठ. “भाऊजी, सामना चाललाय की पासपोर्ट?” म्हटलं, आणि त्याच दिवशी घरी येताना जिन्यात ते नाव जन्माला आलं.

सहा वर्षं ते हसण्यावारी गेलं. यंदा ते अंगाशी आलं.

पोरीची शाळा संपत आली. तिला पुढे शिकायचं होतं ते खेळाच्या जोरावर. मोठ्या शहरांतल्या काही कॉलेजांत संघासाठी राखीव जागा असतात. तशी जागा मिळाली की राहणं, शिकणं, खेळणं सगळं एकाच दारातून. पण त्या कॉलेजांचे कोच आमच्यासारख्या गावात कशाला पाय ठेवतात? त्यांना व्हिडिओ पाठवायचा. तो बघून ते ठरवणार, बोलवायचं की नाही. पोरीच्या शाळेतल्या कोचबाईंनी अकरा कॉलेजांची यादी काढून दिली. या कोचबाईंना मी ‘शिट्टी’ म्हणते, कारण त्या गळ्यातली शिट्टी झोपतानाही काढत नसाव्यात.

भाऊजींना वाटलं, हे तर आपल्याच अंगणातलं काम. सहा वर्षांचं चित्रण, एकशे चाळीस सामने. तीन आठवडे दुकानाच्या आतल्या खोलीत बसून त्यांनी व्हिडिओ केला. मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. चार मिनिटं पोरीचा चेहरा. पावसात, उन्हात, अकरा वर्षांची, तेरा, पंधरा, सतरा. मागे संथ बासरी. एका चेहऱ्यातून दुसरा चेहरा उमलायचा तेव्हा स्क्रीनवरून गुलाबाच्या पाकळ्या घरंगळायच्या.

“पाकळ्या कशाला?” पोरीनं विचारलं.

“त्या आपोआप येतात,” भाऊजी म्हणाले. “लग्नाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत.”

पोरगी जरा थबकली होती, हे मला दिसलं. पण बाप एवढा फुललेला की तिच्यानं बोलवेना. अकराच्या अकरा ठिकाणी तो व्हिडिओ गेला.

दहा जणांनी उत्तरच दिलं नाही. अकराव्या कॉलेजच्या कोचनं दिलं. त्या मोठ्या शहरातल्या बाई, पूर्वी स्वतः खेळलेल्या. चार ओळी होत्या. मला तोंडपाठ आहेत, कारण पोरीनं फोन माझ्या हातात दिला आणि माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. ‘व्हिडिओ पाहिला. मुलगी दिसली, तिचा खेळ दिसला नाही. चेंडू कुठे आहे, तिचे सहकारी कुठे आहेत, चेंडू यायच्या आधी ती काय करते, हे कळल्याशिवाय आम्ही काही ठरवू शकत नाही. उंचावरून, पूर्ण मैदान दिसेल असं चित्रण असल्यास तीस तारखेपर्यंत पाठवा.’

“असेल की गं काहीतरी,” मी म्हणाले. “एकशे चाळीस सामन्यांत एक तरी लांबून घेतलेला असेल.”

“दोन दिवस तेच बघतेय काकू. सगळ्या फायली उघडल्या.” तिनं बोटं मोजावीत तसा हात समोर धरला. “सगळ्या मिळून बॉल दिसतो चार मिनिटं. तोही माझ्या चेहऱ्यावर आपटायच्या आधी.”

मी हसले. ती हसली नाही.

संध्याकाळी स्टुडिओत आवाज चढला. आमचा जिना आणि त्यांची मागची भिंत एकच आहे. मी कान लावला नव्हता. कान तिथेच होता.

“सहा वर्षं, बाबा. सहा वर्षांत तुम्ही माझा खेळ एकदाही बघितला नाहीत.”

“असं कसं म्हणतेस? मी तुलाच तर बघत होतो.”

“तेच तर!”

दार आपटलं. सुतळीला बांधलेला कंगवा आरशावर टकटक करत राहिला.

शिट्टीबाई दुसऱ्या दिवशी येऊन सांगून गेल्या. हंगामातला एकच सामना उरला आहे, येत्या रविवारी सकाळी. मग तीस तारीख. तो सामना नीट टिपता आला तर पाठवायचा, नाहीतर विषय संपला.

मी स्टुडिओत गेले ती भाऊजींना जरा टोचायला. म्हणजे सांत्वनच, पण माझ्या पद्धतीनं. ते फिरत्या स्टुलावर बसले होते, गिऱ्हाइकाच्या जागी. पंचवीस वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं.

“काय क्लोजअप,” मी म्हणाले, “जरा चार पावलं मागे सरकला असतात तर काय कॅमेरा रुसला असता?”

त्यांनी भिंतीवरच्या धुक्याकडे बोट केलं.

“वहिनी, हा कुठून आलाय माहीत आहे?”

मला माहीत नव्हतं.

“ती गेली त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, एखादा फोटो शोधून ठेवा, हार घालायला लागेल. मी शोधायला बसलो. एकोणीस वर्षांचा संसार, हजारोंनी फोटो. सगळ्यात तिचा हात आहे. चंदेरी पाट धरलेला. कुठे कोपर, कुठे सावली. समोर बसवून असा एकही काढलेला नाही. रोज तर समोर होती. कशाला काढायचा?” ते थांबले. “कुणाच्या तरी लग्नात एक ग्रुप फोटो होता. मागच्या कोपऱ्यात ती उभी. दिव्याकडे बघतेय, कॅमेऱ्याकडे नाही. चेहरा वाटाण्याएवढा. तो मोठा केला. मोठा केला की फाटतो वहिनी, धूसर होतो. पुढच्या आठवड्यात पोरीचा पहिला सामना होता. मी ठरवलं, हिचा चेहरा परत कधी वाटाण्याएवढा होऊ द्यायचा नाही.”

शिंप्याचा सदरा आणि बटण आठवलं आणि कानशिलं तापली.

“पोरीला सांगू नका,” ते म्हणाले. “तिला वाटेल मी तिच्या आईचं ओझं तिच्यावर टाकलं.”

“माझी शपथ,” मी म्हणाले.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असूनही त्यांनी मला सांगितलं, यात चूक कुणाची? शपथ मोडायला मला दोन जिने चढण्याइतकाही वेळ लागला नाही. पोरगी पहिल्याच वळणावर भेटली. खेळायचे बूट हातात, सराव संपवून आलेली. मी सगळं सांगून टाकलं. ती पायरीवर बसली. बुटांच्या तळाला लागलेली माती नखानं काढत राहिली, एकेक खिळा स्वच्छ होईपर्यंत. मग उठली आणि म्हणाली, “काकू, उंच जागा लागेल. मैदानाच्या मधोमध समोर.”

तेवढंच.

उंच जागा एकच होती. मैदानाला लागून असलेल्या बेकरीची गच्ची. बेकरीवाला तिथे कुणाला पाऊल ठेवू देत नाही. भट्टीचं धुराडं आहे, कुणी कलंडलं तर कोण निस्तरणार, असं त्याचं म्हणणं. शिट्टीबाई विचारून आल्या, नाही. भाऊजी विचारून आले, नाही. मग मी गेले. त्याच्या बायकोनं तिच्या लेकीच्या वाढदिवसाचा केक गुपचूप समोरच्या दुकानातून आणला होता. ही गोष्ट गल्लीत मला एकटीला ठाऊक होती. मी काउंटरशी उभी राहून तिला नुसतं म्हणाले, “वहिनी, मागच्या महिन्यातला केक काय छान होता हो!” बाईंनी मान न वळवता नवऱ्याला हाक मारली, “अहो, गच्चीची किल्ली द्या यांना.” लोक माझ्या चहाड्यांना नावं ठेवतात. त्यांनी हे लक्षात ठेवावं.

रविवारी सकाळी मी आणि भाऊजी गच्चीवर. खालून पावाचा वास, पायाखाली उबदार फरशी. ट्रायपॉड उभा केला. मैदान पूर्ण दिसत होतं, एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत, आणि त्यात माणसं म्हणजे मुंग्या. सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती तेव्हा पोरगी धापा टाकत वर आली. त्या भांडणानंतर बापलेकीचं बोलणं नव्हतं. तिच्या हातात घोट्याला गुंडाळायची पांढरी चिकटपट्टी होती. ती कॅमेऱ्यापाशी गेली, झूमची कडी उलटी पूर्ण फिरवली, मैदान मावलं हे बघितलं आणि कडीवर पट्टीचे तीन वेढे घातले. अंगठ्यानं दाबून बसवले.

“हे काढायचं नाही, बाबा.”

“बरं.”

“मी पडले तरी.”

भाऊजींनी मान हलवली. तिनं त्यांच्या शर्टाच्या कॉलरची घडी सरळ केली आणि गेली खाली, दोन दोन पायऱ्या उतरत.

सामना सुरू झाला. पहिली वीस मिनिटं भाऊजींनी माझा जीव खाल्ला.

“वहिनी, ती कुठली?”

“अहो, ती काय, मधे.”

“बरी आहे ना?”

“भाऊजी, मला चष्म्यातून शर्टाचा रंग दिसतोय, तेच खूप झालं. नाडी कशी बघू?”

त्यांचा डावा हात सवयीनं कडीकडे जायचा, पट्टीला लागायचा, आणि चटका बसावा तसा मागे यायचा. समोरच्या संघानं गोल केला. आपल्याकडच्या डाव्या बाजूच्या मुलीच्या चुकीनं. मला वाटलं आता हे खचणार. पण ते एकदम पुढे वाकले.

“वहिनी, बघा, बघा. ती हात करतेय.”

“कोण?”

“आपली. गोल झाला आणि ती त्या डावीकडच्या मुलीपाशी गेली, तिच्या पाठीवर थाप मारली. आता तिला दोन पावलं मागे उभी करतेय. उजवीकडचीला पुढे. सगळी रांग ही लावतेय.” त्यांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला आणि उघड्या डोळ्यांनी बघायला लागले. “ही बोलते, वहिनी! घरात शब्द नाही निघत तोंडातून आणि इथे अख्ख्या रांगेला बोलतेय. मी सहा वर्षं तिचे ओठ हलताना बघत होतो. मला वाटायचं, स्वतःशीच पुटपुटते.”

सहा वर्षं मीही तिथेच असायचे, आणि मला तरी कुठे दिसलं होतं?

दुसऱ्या अर्ध्यात ते झालं. उंचावरून चेंडू आला. पोरीनं आणि समोरच्या एका धिप्पाड मुलीनं एकाच वेळी उडी मारली. आवाज आमच्यापर्यंत आला, लाकडावर लाकूड आपटावं तसा. दोघी पडल्या. धिप्पाड उठली. पाच नंबर उठली नाही.

एवढ्या लांबून पडलेलं माणूस म्हणजे जमिनीवर ठेवलेली एक रेघ. चेहरा कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा कळेना. भाऊजींचा हात कडीवर गेला. नखानं पट्टीचं टोक सुटलं. पहिला वेढा निघाला.

“बघा ना हो जवळून,” मीच म्हणाले. “श्वास तरी चाललाय का बघा.”

त्यांनी हात थांबवला. निघालेला वेढा परत चिकटवला, नीट, अंगठ्यानं दाबून. मग मला म्हणाले, “वहिनी, याला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही.” आणि पळाले. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या, एक चप्पल तिथेच राहिली.

मी एकटी त्या कॅमेऱ्यापाशी. छोट्या पडद्यावर हिरवं मैदान, मधे एक रेघ, भोवती मुंग्यांचं कोंडाळं. झूमची कडी माझ्या हातापासून वीतभर. माझ्यासारखीनं आयुष्यात कुठल्याही बंद दारापाशी एवढी कळ काढलेली नाही. मी दोन्ही हात पदराखाली धरले. तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कडेनं एक पांढरा ठिपका आत आला. लंगडत, एका चपलेनिशी, रेषा ओलांडून सरळ मैदानात. रेफ्री हात पसरून आडवा आला. ठिपका त्याला वळसा घालून गेला. भाऊजी! अख्ख्या जन्मात स्वतः कधी फोटोत न आलेला माणूस.

तिथे काय बोलणं झालं ते मी दोघांकडूनही वेगवेगळं काढून घेतलंय, आणि ते जुळतं, म्हणजे खरं असणार. पोरगी उताणी होती, भुवईवर फुटलं होतं. बाप गुडघ्यावर बसला. तिनं डोळे उघडले.

“कॅमेरा चालू आहे ना?”

“चालू आहे. वहिनी आहेत तिथे.”

“काकू?” पोरीनं डोळे परत मिटले. “मग संपलंच.”

“हात लावणार नाहीत. मी सांगितलंय.”

“बाबा, तुम्ही मैदानात आहात. जा ना बाहेर. मला कार्ड दाखवतील.”

“तुझा चेहरा बघू दे.”

“बघितलात. जा.”

मला पडद्यावर दिसलं ते एवढंच, की रेघ उठून उभी राहिली आणि पांढरा ठिपका मागे मागे सरकत कडेला गेला. शिट्टीबाईंनी भुवईला पट्टी लावली. खेळ सुरू झाला आणि पाच नंबरनं पहिलं काय केलं, तर डोकं धरून बसली नाही. मागे वळून पाहिलं, दोन्ही हात पसरले, डाव्या मुलीला तीन पावलं आत ओढलं आणि स्वतः तिच्या मोकळ्या झालेल्या जागेत गेली. अर्ध्या मिनिटात समोरच्यांचा चेंडू बरोबर त्याच जागेत आला. तिच्या पायावर. जणू तिनं बोलावला होता.

सामना आपण एक शून्यनं हरलो. ते एकदाचं सांगून टाकते, नाहीतर लोक मला विचारत राहतात.

नंतर दोन दिवस दुपारभर बापलेक स्टुडिओत बसले. या वेळी माऊस पोरीच्या हातात होता आणि मी पुढच्या खोलीत, आरशात केस विंचरण्याचं निमित्त करून. पाकळ्या नाहीत, बासरी नाही. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तिच्याभोवती एक बारीक गोल, म्हणजे बघणाऱ्याला पाच नंबर कुठे ते कळावं. पडण्याचा तुकडा आला तसे भाऊजी म्हणाले, “हे काढ. मी मध्ये आलोय. खेळात माणूस शिरलेला बरा दिसत नाही.”

“राहू दे.”

“अगं, ते हसतील.”

“पडल्यानंतर मी काय केलं ते यातच आहे. मधलं कापलं तर त्यांना वाटेल, दुसऱ्या दिवशीचं जोडलंय.” मग हळू म्हणाली, “आणि बाबा, तुमचा दुसरा कुठे फोटो आहे?”

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला.

एकोणतीस तारखेला व्हिडिओ गेला. त्यानंतरचे नऊ दिवस भाऊजींनी गिऱ्हाइकांना इतकं मन लावून न्याहाळलं की एका बाईनं विचारलं, माझ्या तोंडावर काही उठलंय का? दहाव्या दिवशी उत्तर आलं. पोरगी जिना उतरून धावत आली ती सरळ बापाकडे. मला वाटेत ओलांडून गेली, याचं मला वाईट वाटलं नाही. थोडंच वाटलं.

‘एकसष्टावं मिनिट आम्ही तीनदा पाहिलं. डोक्याला मार लागल्यावर जी खेळाडू आधी आपली रांग बघते, ती आम्हाला हवी आहे. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडा. जागा तुझ्यासाठी ठेवत आहोत. जाता जाता, त्या पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांना कुणीतरी दुसरी चप्पल आणून द्यावी.’

भाऊजींनी ते दोनदा वाचलं. मग उठले, सुतळीला गाठ मारायला लागले. गाठ आधीच होती.

प्रवेशाचा फॉर्म पुढच्या आठवड्यात आला. विद्यार्थिनीचा फोटो एक, पालकाचा फोटो एक. पोरीचा भाऊजींनी चुटकीसरशी काढला, भुवईवरच्या टाक्यांच्या व्रणासकट. मग पालकाचा शोध सुरू झाला. ड्रॉवर उपसले, जुने डबे उघडले. सगळ्या गल्लीचे पासपोर्ट फोटो सापडले. मेलेल्यांचे, घर सोडून गेलेल्यांचे, माझे नापास झालेले चारही. त्यांचा स्वतःचा एकही नाही.

“बसा,” पोरगी म्हणाली.

“दुसऱ्या स्टुडिओत जाऊन काढतो की.”

“बाबा, बसा.”

ते फिरत्या स्टुलावर बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. पोरगी कॅमेऱ्यामागे गेली, दिवे लावले आणि माझ्याकडे पाहिलं. मग खिळ्याकडे. मी सहा वर्षांचा धुरळा पदरानं पुसला आणि तो चंदेरी पाट दोन्ही हातांत घेऊन दिव्याशेजारी उभी राहिले. उजेड त्यांच्या गालावर सरकला. किती म्हातारे झाले होते हे मला तेव्हा दिसलं.

“हनुवटी जरा खाली,” पोरगी म्हणाली. “नजर इथे.”

“इथेच आहे.”

“लेन्समध्ये, बाबा. माझ्याकडे नाही.”

पहिला फोटो चुकला. नजर लेन्सच्या जरा वर, तिच्या चेहऱ्यावर. दुसराही तसाच. सहा झाले. माझ्या खांद्यांना कळ लागली, पाट थरथरायला लागला, पण खाली करायची हिंमत होईना. सातव्याला तिनं सांगितलं, “श्वास सोडा,” आणि ते लेन्सकडे बघून श्वास सोडून बसले. फॉर्मवर तो सातवा चिकटला. पहिला, चुकलेला, तिनं छापून घेतला आणि बुटांच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात सरकवला.

मी पाट खिळ्याला लावला आणि दंड चोळत म्हणाले, “काय हो भाऊजी, दहा मिनिटांत हात मोडायची पाळी आली. फार दुखतं हे धरून.”

ते भिंतीकडे बघत होते.

“ती कधी बोलली नाही,” ते म्हणाले.